अवघड जागेची कातडी

रुग्ण आल्याबरोबर काही बोलत नाही. सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेली मलमाची ट्यूब काढतो. मागून गुंडाळत आणून, शेवटच्या ठिपक्यापर्यंत पिळून चपटी केलेली. ती टेबलावर ठेवून म्हणतो, “हीच पायजे.” कशासाठी, असं विचारलं की नजर जमिनीकडे जाते. “गजकर्ण हाय.” कुठं? “जांघंत.” किती दिवसांपासून? तो महिने सांगतो, कधी वर्षं. पडद्यामागे नेऊन तपासलं की काही जणांना खरोखरच गजकर्ण असतं. पण बऱ्याच जणांना ते नसतं. कधीकाळी होऊन गेलेलं असतं, किंवा मुळात झालेलंच नसतं. दिसते ती पातळ, लालसर, कोरडी ठणठणीत कातडी. वृषणांवर चुरगळलेल्या कागदासारख्या घड्या, जांघेच्या सांदीत बारीक भेगा, पुढच्या कातडीच्या काठावर उभे चिरे. “साबण लावता का?” “लावतो की. दोन टाइम. कढत पाण्यानं. पाण्यात अँटिसेप्टिकबी टाकतो झाकणभर.” आणि मग तो म्हणतो, “तरीबी आग व्हायलीच.”

ह्या ‘तरीबी’साठी हे पुस्तक लिहिलं. त्या माणसाला वाटतं, इतकं सगळं करूनही त्रास थांबत नाही. मला त्याला सांगायचं आहे की बाबा, इतकं सगळं करतोस म्हणूनच तो थांबत नाही.

लिहिताना डोळ्यांसमोर वालूर होतं. परभणी जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं. ह्या मुलखात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीत परभणी राज्यातल्या सगळ्यात गार ठिकाणांच्या यादीत येते. उन्हाळ्यात घाम आणि धूळ, हिवाळ्यात कोरडा बोचरा वारा. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, ते सगळं गाव एकमेकांना दाखवतं, त्यावर कोकमाचं तेल नाहीतर व्हॅसलीन लावतं. मात्र तीच हवा, तेच पाणी आणि तोच साबण कपड्याखालच्या कातडीलाही लागतो, हे बोललं जात नाही. टाच फुटली की ‘थंडीनं फुटली’ म्हणतात. जांघ फुटली की ‘रोग लागला’ म्हणतात.

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पण तिच्यात दुखण्याविषयी काहीच नाही. दुखणं कुणापुढे उघडं करायचं ह्याविषयी आहे. ज्यानं ही म्हण पहिल्यांदा उच्चारली त्याला नेमकी अडचण कळली होती. त्या जागेला आपल्याकडे धड नावच नाही. पुस्तकातलं नाव उच्चारलं तर शाळेत विज्ञानाचे सर ते पान गाळून पुढे जायचे ते आठवतं. बोलण्यातलं नाव ही शिवी असते. मधे उरते ती ‘जागा’, ‘खालची बाजू’, ‘लघवीची जागा’. आणि तिथल्या प्रत्येक तक्रारीसाठी दोनच शब्द: गजकर्ण आणि गुप्तरोग. कोरडेपणा हा तिसरा शब्द ह्या जोडीला मिळाला असता तर कितीतरी माणसांची वर्षं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

आधी ही कातडी कशी आहे ते बघू, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. पीटर एलायस ह्या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्याला विटा आणि गारा अशी उपमा दिली. पेशी ह्या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा गारा. हा गारा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं ह्यांचा बनतो. तो शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं तिखट-आंबट बाहेर. तो धुपला की विटा सुट्या होतात, पापुद्रे उडतात, भेगा पडतात. त्याच्याही आधी, १९२८ मध्ये, शाडे आणि मार्किओनिनी ह्या जर्मन संशोधकांनी त्वचेवर हलकं आम्ल पांघरूण असतं असं मांडलं होतं. निरोगी त्वचेचा सामू साधारण साडेचार ते साडेपाचच्या आसपास. नेहमीच्या वडीचा साबण नऊ-दहाच्या घरात. प्रत्येक वेळी साबण चोळला की ते पांघरूण थोडं ओढून काढलं जातं. कातडी ते पुन्हा घालून घेते, पण तिला वेळ लागतो. दिवसातून दोनदा, तीनदा चोळलं तर तो वेळच मिळत नाही.

हे सगळ्या अंगाला लागू आहे. अवघड जागेचं वेगळेपण त्यापुढचं. वृषणांवरची कातडी अंगावरच्या सर्वांत पातळ कातड्यांपैकी एक. तिच्याखाली चरबी नाही. थंडीत आकसणारा आणि उन्हाळ्यात सैल सुटणारा स्नायूचा एक पातळ पडदा आहे, म्हणून तिच्यावर कायम घड्या असतात आणि घड्यांत साबण, घाम, धुण्याच्या पावडरीचा अंश अडकून बसतो. शिश्नमुंड आणि पुढच्या कातडीची आतली बाजू तर ओठासारखी, अर्धवट ओलसर. ती साबणासाठी बनलेलीच नाही. आणि जांघेची सांद म्हणजे दोन कातड्या दिवसभर एकमेकींवर घासत असतात ती जागा.

एक आकडा मी रुग्णांना नेहमी सांगतो. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाक ह्यांनी अंगाच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड लावून ते किती शोषलं जातं हे मोजलं. हाताच्या आतल्या बाजूला जितकं शोषलं गेलं त्याच्या बेचाळीसपट वृषणांच्या कातडीतून शोषलं गेलं. बेचाळीसपट! म्हणजे कोपराला चालणारं मलम तिथं चालेलच असं नाही. हाताला चोळून काही न होणारा औषधी पाला तिथं फोड आणू शकतो. माझ्या पुस्तकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हेच ठेवा.

आता ह्या जागेकडे पाहणाऱ्या परंपरांकडे वळतो.

एक फार जुनी नोंद आपल्याच घरात आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘क्षुद्ररोग’ नावाचा अध्याय आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ, पण ज्याला होतो त्याच्यासाठी किरकोळ नसलेले आजार. त्यात ‘वृषणकच्छू’ येतो: जो स्नान आणि अंग चोळणं नीट करत नाही त्याच्या वृषणांवर मळ साचतो, घामानं तो भिजतो, खाज सुटते, खाजवल्यावर फोड येतात आणि त्यातून लस गळते. त्याच अध्यायात पुढची कातडी मागे अडकणं, ती फाटणं आणि ती आकसून लघवीचा मार्ग अरुंद होणं ह्यांची ‘परिवर्तिका’, ‘अवपाटिका’, ‘निरुद्धप्रकश’ अशी तीन वेगवेगळी नावं आहेत. लहान मुलाच्या शीच्या जागी येणाऱ्या पुरळालाही ‘अहिपूतन’ असं स्वतंत्र नाव आहे. मला ह्यात भावतो तो नावं देण्यातला मोकळेपणा. तिथं पाप नाही, लाज नाही. गुडघ्याच्या दुखण्याइतक्याच सरळपणे त्या जागेचं दुखणं लिहिलं आहे. ही भाषा मधल्या काळात आपण कुठं सांडली?

आयुर्वेदाची दुसरी देणगी म्हणजे अभ्यंग. वात वाढला की रूक्षता वाढते आणि रूक्षतेला स्नेह, म्हणजे तेल, हा उतारा. दिवाळीच्या पहाटे आजही घरोघरी अंगाला तेल चोळतात. तेल आधी, उटणं नंतर आणि पाणी शेवटी, हा क्रम आजच्या त्वचाशास्त्राच्या कसोटीवरही बराचसा टिकतो, कारण आधी लावलेलं तेल साबणाचा मार थोडा कमी करतं. परभणी तर करडईचा मुलूख. इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ हे वाण दिलं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि आपली कातडी तिचा गारा बनवायला तेच वापरते. म्हणून फोडणीचं तेल जांघेला चोळा, असं मी म्हणणार नाही. पण आजोबा स्नानाआधी अंगाला तेलाचा हात फिरवायचे त्यात तथ्य होतं, एवढं नक्की.

घरगुती परंपरेची काळी बाजूही आहे आणि तीही आपल्याच रानातली आहे. बिब्बा. दुखऱ्या जागी बिब्बा घालणं मराठवाड्याला नवं नाही आणि ‘बिब्बा उतला’ म्हणजे काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. काळे डाग, पाण्यानं भरलेले फोड, आठवडे न जाणारी आग. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ येऊ लागलं. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी शोधून काढलं, की परीट कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरतात, त्याचा हा प्रताप. कपड्यावरच्या एका ठिपक्यानं मान पोळते, तर गजकर्णावर म्हणून जांघेत लावलेला बिब्बा काय करत असेल? लसूण ठेचून बांधणं, चुना लावणं, बॅटरीतलं पाणी लावणं, रॉकेल चोळणं हे सगळं मी पाहिलं आहे. त्यातलं काहीही गजकर्ण मारत असेल की नाही, कातडी मात्र नक्की मारतं.

इंग्रज आले आणि ह्या जागेची सगळी दुखणी एका पाटीखाली गेली. लष्कराला काळजी होती ती शिपायांच्या संसर्गाची. त्यातून जे शास्त्र इथं रुजलं त्याचं सगळं लक्ष उपदंश-परम्याकडे. जांघेतल्या बुरशीला गोऱ्यांनी ‘धोबी इच’ म्हटलं, जणू ती परटाच्या घाटावरून येते. दुखणं अंगात, दोष गरिबावर. स्वातंत्र्यानंतरही पाटी बदलली नाही. त्वचातज्ज्ञांची जी अखिल भारतीय संघटना १९७३ मध्ये एकत्र उभी राहिली तिच्या नावात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तिन्ही आहेत. शास्त्र म्हणून त्याला कारणं आहेत आणि त्या संघटनेनं मोलाचं कामही केलं आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण सरकारी दवाखान्यात ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ असं लिहिलेल्या दाराबाहेर बाकावर बसायचं म्हणजे ओळखीचं कुणी बघेल, ही धास्ती फक्त कोरड्या कातडीसाठी आलेल्या माणसालाही असते. तो बाकावर बसत नाही. औषधाच्या दुकानात जातो.

ह्या लाजेविरुद्ध मराठीत सर्वांत मोठी झुंज रघुनाथ धोंडो कर्व्यांनी दिली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं; ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा ह्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ते गणिताचे प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत. वाचक त्यांना खासगी प्रश्न विचारत आणि ते छापील उत्तरं देत. १९३४ च्या खटल्यात अश्लील ठरली ती ही उत्तरंच. त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला हरले, दंड झाला आणि मासिक चालूच राहिलं. नव्वद वर्षं झाली. आजही कुणी पुरुष खालच्या कातडीबद्दल सरळ प्रश्न विचारतो तेव्हा तो इकडेतिकडे बघूनच विचारतो.

आणखी एक मराठी नाव इथं घ्यायलाच हवं, ते ह्या विषयाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आणि सहकाऱ्यानं १९४५ मध्ये भारतीयांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर शोधनिबंध लिहिला. त्यात कमरेला वर्षानुवर्षं करकचून बांधलेल्या धोतराच्या रेषेवर होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन आहे. आधी काळपट पट्टा, मग जाड खरबरीत कातडी, मग पापुद्रे आणि अगदी क्वचित कर्करोग. हा आजार दुर्मिळ आहे, घाबरण्याचं कारण नाही. पण खानोलकरांनी जे दाखवलं ते ह्या पुस्तकाचा पाया आहे: कातडीचा आजार नेहमी कुणाकडून लागत नाही, रोजच्या घासण्यातून, रोजच्या बांधण्यातून तो घडतो. लंडनमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉटनं धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणांवरच्या कर्करोगाचं कारण घड्यांत साचणारी काजळी आहे, असं सांगितलं. धंद्यामुळे होणारा कर्करोग जगात पहिल्यांदा ओळखला गेला तो ह्या अवघड जागीच. घाण साचणं आणि घासणं, ही दोन्ही टोकं कातडीला भारी पडतात.

आजच्या शास्त्राचा कल ह्या दुसऱ्या टोकाकडे जास्त आहे. १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी पुढच्या भागाची त्वचा वारंवार लाल होणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. एकूण ४३ जण. त्यातल्या ३१ जणांना संसर्ग नव्हता, दाहक पदार्थांमुळे झालेला त्वचादाह होता, आणि ते इतरांपेक्षा जास्त वेळा साबणानं धूत होते. अनेकांची मूळ त्वचाच कोरड्या, इसब होणाऱ्या प्रकृतीची होती. उपचार काय? साबण बंद आणि त्वचेला ओलावा देणारं साधं मलम. हा निष्कर्ष वाचून मी चकित झालो नाही. वाईट वाटलं. ज्या गोष्टीसाठी माणसं कर्ज काढून औषधं घेतात ती एक सवय सोडल्यानं सुटण्यासारखी होती.

आता आजचा प्रश्न. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात गजकर्णाची मोठी साथ पसरली आणि ती नेहमीच्या औषधांना दाद देईनाशी झाली. २०२० मध्ये ह्या बुरशीला नाव मिळालं ते ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’. भारताचं नाव त्यात आहे, हे भूषण नव्हे. साथ का चिघळली ह्याची कारणं अनेक, पण एकाकडे त्वचातज्ज्ञ सतत बोट दाखवत आले: बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये कालवलेली मलमं. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. मलम थांबवलं की दुप्पट आग. म्हणून पुन्हा तेच मलम. वर सांगितलेला बेचाळीसपटीचा आकडा इथं आठवा. जांघेत आणि वृषणांवर महिनोन्‌महिने असं मलम लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, जांघेत पांढरट-जांभळे कायमचे चरे पडतात आणि शेवटी लाल, कोरडी, स्पर्शही न सोसणारी जागा उरते. सुरुवातीच्या ट्यूबवाल्या माणसाचं दुखणं हेच होतं. त्वचातज्ज्ञांच्या संघटनेनं ह्या दुरुपयोगाविरुद्ध खास गट नेमून मोहीम चालवली. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये लावायच्या बऱ्याच स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकलं. कागदावर. चिठ्ठी न मागता ट्यूब देणारी दुकानं अजून गावोगाव आहेत, आणि दुकानदाराला दोष देताना मला हेही दिसतं की त्या माणसाला आपलं दुखणं उभ्या उभ्या, एका वाक्यात सांगता येईल असं गावात दुसरं ठिकाणच नाही.

ह्या जागेच्या दुखण्यांचं दुसरं कारण मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनं भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. पुढच्या कातडीला उभे चिरे पडणं, ती आकसणं, धुताना आग होणं हे अनेकदा साखर वाढल्याचं पहिलं लक्षण असतं. रक्त तपासायच्या कितीतरी आधी कातडी सांगते. त्यात आता लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आल्या. त्यातल्या एकीचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर त्या स्वस्त झाल्या आणि तालुक्यापर्यंत पोचल्या. गोळी चांगली आहे, हृदय आणि मूत्रपिंड सांभाळते. पण लघवीत साखर आली की त्या जागी बुरशीची शक्यता वाढते, हे गोळी लिहून देताना सांगितलं जातंच असं नाही. मग माणूस घाबरतो, बायकोवर संशय घेतो किंवा बायको त्याच्यावर. एका वाक्यानं टळणारं हे भांडण आहे.

वालूरची गोष्ट सांगितल्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही. वालूरच्या बारवा प्रसिद्ध आहेत. त्यातल्या गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेतला गाळ-कचरा गावकऱ्यांनी काढला आणि ती पुन्हा उजेडात आणली. इतकी पाण्याची विद्या असलेल्या मुलखात आज उन्हाळ्यात पाणी मोजून वापरावं लागतं. हे पाणी बहुतेक बोअरचं आणि जड असतं. साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण जास्त लागतो आणि धुवून काढायला पाणी कमी पडतं. अंगावर राहतो तो साबणाचा चिकट थर. तसंच कपड्याचं. आई-आजी धुणं ‘तीन पाण्यांतून’ काढायच्या. टंचाईत तीनाचं दोन होतं, दोनाचं एक. चड्डीच्या कडेच्या शिलाईत पावडरीचा खार राहतो, दिवसभर घामात विरघळतो, जांघेला लागतो. शहरातल्या पुस्तकांत ‘सौम्य डिटर्जंट वापरा’ असं एक वाक्य असतं. इथं प्रश्न पावडरीचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे. म्हणून मी सांगतो: अंगावरचे बाकी कपडे एका पाण्यातून काढा हवं तर, पण चड्डी आणि लंगोट तीन पाण्यांतून काढाच, आणि उन्हात, उलट्या बाजूनं वाळत घाला. घरात लाजेपायी चड्डी टॉवेलखाली लपवून वाळवतात, ती दमट राहते. हा बारीकसा दिसणारा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

पोशाख बदलला हेही खरं. धोतरात हवा खेळायची. आता घट्ट जीन्स, त्याखाली घट्ट चड्डी, त्यावर दोन तास मोटारसायकलची तापलेली सीट. ऊसतोडीला गेलेल्या गड्याला तर अंघोळीची जागा, वेळ आणि पाणी ह्यांपैकी काहीच हाती नसतं. त्याला ‘रोज दोनदा अंतर्वस्त्रं बदला’ असं सांगणं मला जमत नाही. त्याच्यासाठी काय सांगता येईल ह्याचा मी बराच विचार केला आणि जे सुचलं ते एका वेगळ्या प्रकरणात घातलं आहे. रात्री कोरड्या फडक्यानं टिपणं, झोपताना सैल पंचा, आणि खाज असो वा नसो, स्टेरॉइडची ट्यूब न घेणं.

बाजारानं ह्या सगळ्यात उडी घेतली आहेच. पुरुषांसाठी खास धुण्याचं द्रव्य, थंडावा देणारी पावडर, सुगंधी पुसण्या. ह्यातली बहुतेक उत्पादनं नसली तरी कुणाचंही काही बिघडत नाही, आणि मेंथॉल-सुगंधाची तर कोरड्या कातडीवर आगच होते. जी वस्तू खरोखर उपयोगी पडते ती जुनी आणि स्वस्त आहे: रॉबर्ट चीजब्रोनं १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली. अंघोळीनंतर टिपून घेतल्यावर, कातडी किंचित ओलसर असतानाच, बाहेरच्या कोरड्या भागावर तिचा अगदी पातळ थर द्यावा. खोबरेल तेलही बऱ्याच जणांना चालतं. मात्र बुरशी असताना सांदीत चोपडून ठेवू नये. आणि तेलकट काहीही लावल्यावर निरोध वापरला तर त्याचं रबर कमकुवत होऊन तो फाटतो, हे विसरू नये.

ह्या पुस्तकात मी काय केलं आणि काय टाळलं ते सांगतो. औषधांची यादी दिलेली नाही. यादी दिली की ती चिठ्ठी होते आणि चिठ्ठी दुकानात जाते. त्याऐवजी काय थांबवायचं ह्यावर अधिक पानं आहेत, आणि थांबवल्यावर पहिले दोन आठवडे कसे कठीण जातात, स्टेरॉइड सोडल्यावर आग आधी वाढते मग उतरते, हे दिवसवार लिहिलं आहे; कारण बहुतेक जण तिथंच हार मानून पुन्हा ट्यूबकडे वळतात. सुंता झालेल्या आणि न झालेल्या दोघांचाही विचार आहे; गावात दोन्ही घरं आहेत आणि दोघांच्या त्वचेच्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत. न झालेल्यांसाठी नियम एवढाच, की पुढची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यावी, साध्या पाण्यानं धुवावी आणि परत पुढे आणावी. लहान मुलांची कातडी ओढून मागे करू नये. आजीलाही हे सांगावं, आत्यालाही.

कोरडेपणा कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो, हा पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आहे. सोरायसिस, इसब, निरोधाच्या रबराची ॲलर्जी, चिंतेपायी खाजवून खाजवून जाड झालेली कातडी, ह्या सगळ्यांची सुरुवात कोरडेपणासारखी दिसू शकते. एका आजाराबद्दल मी विशेष आग्रही आहे. पुढच्या कातडीवर पांढरट, चकचकीत, कोरडा पट्टा येतो, कातडी हळूहळू आवळते, लघवीची धार बारीक होते. जर्मन डॉक्टर श्ट्युमर ह्यांनी १९२८ मध्ये ह्याचं वर्णन करताना दिलेल्या नावातच ‘कोरडी’ हा शब्द आहे. हा आजार संसर्गानं येत नाही, वेळेवर उपचार झाले तर आटोक्यात राहतो, आणि दुर्लक्ष केलं तर लघवीचा मार्ग आवळतो, क्वचित कर्करोगाकडेही जातो. गंमत अशी की ह्याच आजारात डॉक्टर स्वतः तीव्र स्टेरॉइड मलम देतात आणि ते बरोबर असतं. औषध वाईट नसतं. कुठं, किती, किती दिवस आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे ठरवायला तपासणी लागते. पुस्तक वाचून हे ठरवू नका, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

शब्दांचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. ‘शिश्न’, ‘वृषण’ लिहिलं तर पहिल्या पानावर माणूस परका होतो. बोलीतलं लिहिलं तर पुस्तक घरात ठेवता येत नाही. शेवटी पहिल्यांदा पुस्तकी शब्द, पुढे ‘पुढची कातडी’, ‘सांद’, ‘घड्यांची कातडी’ असं लिहीत गेलो. चित्रं साध्या रेषांची आहेत.

शेवटचं पान पुस्तकाला टाचलेलं नाही, सुटं ठेवलं आहे. त्यावर एका बाईचा किंवा पुरुषाचा नाही, फक्त जांघेपासून मांडीपर्यंतचा रेखाटलेला आराखडा आहे. दुखतं तिथं पेनानं गोल करायचा. खाली प्रश्न आहेत, त्यांच्यापुढे खूण करायची: खाज, आग, भेग, पांढरा डाग. किती महिने. कोणती ट्यूब लावली, तिचं नाव किंवा रंग. साबण दिवसातून किती वेळा. साखर कधी तपासली. घरात आणखी कुणाला खाज आहे का. जखम तीन आठवड्यांत भरली नाही, असं असेल तर वरच्या कोपऱ्यातला लाल चौकोन भरायचा. कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात मावतो, ट्यूब ठेवायचा तेवढ्याच जागेत. सेलूला किंवा परभणीला जाऊन तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला की तोंडानं काही सांगायची गरज पडत नाही.